आगंतुक विद्यार्थी भीमराव

परगावाहून विहारात येणाऱ्या भिक्खूला विनयपिटकात आगंतुक म्हटले आहे आणि विहारात आधीपासून राहणाऱ्याला आवासिक. चुल्लवग्गातील वत्तक्खंधक या प्रकरणात आवासिकाची कर्तव्ये सांगितली आहेत. येणारा ज्येष्ठ असेल तर सामोरे जावे, त्याचे पात्र-चीवर हाती घ्यावे, आसन द्यावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे. येणारा कनिष्ठ असेल तर बसल्या जागेवरून का होईना, पण सांगावे. काय सांगावे? निवास कोणता, भिक्षेला कोठे जावे व कोठे जाऊ नये, पिण्याचे पाणी कोठे, शौचाची जागा कोठे, संघाने आपसात कोणते नियम ठरविले आहेत, बाहेर जाण्यायेण्याची वेळ कोणती. धम्मग्रंथात इतक्या बारीकसारीक गोष्टी कशाला, असे प्रथम वाचताना मला वाटले होते. पुढे परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन वर्गात शिकविताना त्याचा उलगडा झाला. नव्या मुलुखात आलेला माणूस बुद्धीने कितीही थोर असो, पहिल्या आठवड्यात त्याला पाणी कोठे मिळते हेही ठाऊक नसते.

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाविषयी आपण दर जयंतीला ऐकतो. पदव्यांची यादी वाचली जाते, अठरा अठरा तासांचा अभ्यास सांगितला जातो आणि टाळ्या पडतात. प्रस्तुत लेखात मला पदव्या मोजावयाच्या नाहीत. परमुलुखात गेलेल्या या आगंतुकाला आवासिक कोण भेटले, कोठे भेटले नाहीत आणि त्या अनुभवाचे त्यांनी पुढे काय केले, एवढेच पाहावयाचे आहे. असे पाहण्यास एक कारण घडले आहे, ते ओघात येईल.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, हे आपल्याला ठाऊक आहे. धम्माचा पहिला परिचय तो. परंतु गुरुजींचे दुसरे उपकार आपण थोडे विसरतो. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी त्याला पुस्तके दिली, आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्याला घेऊन ते श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे पुस्तक देणारा आणि दार ठोठावणारा माणूस एकच होता. पुष्कळ लोक पुस्तक देतात व घरी जातात. ज्यांच्या घराण्यात आपणच पहिले कॉलेजची पायरी चढलो, त्यांना दार ठोठावणाऱ्याची किंमत विचारावी. मला फॉर्म कोठे मिळतो हे सांगणारे माझ्या घरी कोणी नव्हते.

बी. ए. होऊन भीमराव १९१३ च्या आरंभी बडोद्यास नोकरीला गेले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी सकपाळ निवर्तले. त्यानंतर चार महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, भीमरावांनी बडोदे सरकारशी करार केला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. त्या काळच्या दराने साडेअकरा पौंडांचे सुमारे ५६ डॉलर होत. यात खोली, जेवण, पुस्तके, कपडे आणि वाचेल त्यातून घरी पाठवावयाचे. घरी माता रमाबाई होत्या, वडिलांच्या मागे उरलेले कुटुंब होते. शिष्यवृत्ती एकट्याच्या नावाची असते, पण आमच्या माणसाला मिळालेली शिष्यवृत्ती कधी एकट्याची नसते. ती ठरविणाऱ्या कचेऱ्यांना हे तेव्हा कळत नव्हते आणि आजही फारसे कळलेले दिसत नाही.

जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथे ते एक आठवडा राहिले. अन्न एकतर अर्धेकच्चे, नाहीतर गोमांसाचे. ते त्यांना जाईना. तेथून निघून ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील ५५४ क्रमांकाच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. तेथे काही हिंदी विद्यार्थी होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यापीठाच्याच दुसऱ्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले, तेव्हा कुठे बस्तान बसले. थोड्या काळात तीन बिऱ्हाडे! चरित्रकार हे दोन ओळींत सांगून पुढे जातात, कारण पुढे प्राध्यापक सेलिग्मन आहेत, जॉन ड्यूई आहेत. पण त्या तीन बिऱ्हाडांत काय झाले असेल याचा विचार करावा. जेवण जात नाही हे कोणाला सांगावे? विद्यापीठाला? तेथे हा प्रश्न ऐकून घेणारी खिडकी नव्हती. सांगितले कोणी, तर आधी आलेल्या विद्यार्थ्यांनी. विनयातील आवासिक ते हेच.

ही अडचण एकट्या भीमरावांची नव्हती. त्याच शहरात १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाच्या गृहस्थांनी एका चिनी विद्यार्थ्याला रस्त्यात सहज नमस्कार केला, तेव्हा त्या मुलाने सांगितले की न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, आपण होऊन बोलणारे तुम्ही पहिलेच. एडमंड्स यांनी त्या एका वाक्यावरून काम सुरू केले आणि १९२४ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंटरनॅशनल हाऊस उभे राहिले. तोपर्यंत बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून गेले होते, इतकेच नव्हे तर लंडनचे शिक्षणही पुरे करून मुंबईला परतले होते.

न्यूयॉर्कच्या त्या तीन वर्षांत भीमरावांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६. शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. १९१५ साली एम. ए., मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरील निबंध, त्याच वर्षी राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी या तरुणाला राजकारणात ओढू पाहिले, पण भीमराव अभ्यासातून हलले नाहीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी खरीदली. पोटाला चिमटा घेऊन खरीदली हे वेगळे सांगावयास नको.

या काळातील एक गोष्ट मनावर ठसते. भारताबाहेरच्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली, असे त्यांनी पुढे आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवले आहे. वसतिगृहात एका टेबलावर जेवणे, एका रांगेत पुस्तक मागणे, प्राध्यापकाच्या खोलीत खुर्चीवर बसणे. ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळे बसविले होते, त्याच्यासाठी हा केवढा पालट! परदेशी शिक्षणाचे हे फळ कोणत्याही पदवीपत्रकावर लिहिलेले नसते. माझ्या मते ते पदवीहून मोठे.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन्ही सुरू केले. आणि १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा, हातात पैसा नाही, युरोपात महायुद्ध पेटलेले. परत येणे भाग पडले. येथे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आठवण ठेविली पाहिजे. त्यांच्या खटपटीने विद्यापीठाने लेखी परवानगी दिली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करता येईल. पैसे देणे त्यांच्या हाती नव्हते. दार उघडे ठेवणे होते, ते त्यांनी ठेविले. एका कागदाची ही किंमत आहे. तो कागद नसता तर रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडन विद्यापीठात लिहिला गेला असता काय, याची शंका वाटते.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले. सामानातली पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट पाणतीराने बुडविली.

करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू व्हावयास निघाले. यानंतरचा प्रसंग त्यांनी स्वतः तपशिलाने लिहून ठेविला आहे. स्टेशनावर उतरल्यावर पहिला प्रश्न उतरावयाचे कोठे हाच. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. ओळखीच्या मंडळींकडे गेले तर त्यांची अडचण होईल. तेव्हा पारशी धर्मशाळेत गेले. तेथे राहावयाचे तर पारशी असले पाहिजे. दीड रुपया रोजाने राहावयास मिळाले, पण नोंदवहीत पारशी नाव घालून. वरच्या मजल्यावर अडगळीचे सामान, अंधार, एक कंदील, आणि सोबतीला कोणी नाही. दिवसभर कचेरी, रात्री पुस्तक. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेले. त्यांनी दोन मित्रांकडे विचारून पाहिले. एक हिंदू होते, एक ख्रिस्ती. दोघांनाही आपापल्या घरची अडचण होती. गाडी रात्रीची. मधले चार-पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले.

कोलंबियाचा एम. ए., लंडनच्या संस्थेत शिकलेला, संस्थानाच्या खर्चाने विद्या संपादन करून त्याच संस्थानाची सेवा करावयास आलेला हा माणूस. त्याला विद्या देण्यासाठी हजारो रुपये खर्चणाऱ्या राज्याला त्याच्यासाठी एक खोली काढावयाची सुचली नाही. महाराज मनाने थोर होते यात वाद नाही. पण शिष्यवृत्तीचा आराखडा विद्यार्थी बोटीवर चढेपर्यंतचा होता, तो उतरल्यावर काय याचा विचार त्यात नव्हता. न्यूयॉर्कमध्ये तीन बिऱ्हाडे बदलावी लागली तरी शेवटी खोली मिळाली आणि नाव स्वतःचे राहिले. बडोद्यात नाव बदलूनही खोली मिळाली नाही. विद्येने जात पुसली जाते, असे म्हणणाऱ्यांनी कामाठी बागेतला तो तरुण आठवावा. १९३५ साली येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तिची मुळे शोधताना आपण काळाराम मंदिराकडे पाहतो, महाडकडे पाहतो. मला वाटते, ती वाट या बागेतूनही गेलेली आहे.

मग सिडनहॅम कॉलेज. नोव्हेंबर १९१८ पासून प्राध्यापकी, साडेचारशे रुपये पगार. परळच्या चाळीत संसार, आणि त्या पगारातून शिल्लक टाकणे चालू. १९२० साली जवळची पुंजी, छत्रपती शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर बाबासाहेब जुलैत पुन्हा लंडनला निघाले. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोलीत सोबत असलेला मित्र सात वर्षांनी कामास आला!

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर गेला होता. १९२१ मध्ये तो सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. दोन शिलिंगांच्या भावाने पाच हजार रुपयांचे ५०० पौंड होतात, सव्वा शिलिंगाने ३१२. म्हणजे विद्यार्थ्याने एक पैही जास्त खर्च न करता त्याची पुंजी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आटते. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले, त्यात हुंडणावळीच्या या घसरणीचे कारण दिले आहे. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी तो प्रश्न आधी स्वतःच्या खिशात भोगीत होता. आज परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. कर्ज रुपयांत घेतलेले असते आणि खर्च पौंडांत वा डॉलरांत होतो.

लंडनमधील हाल सर्वश्रुत आहेत. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी ते राहत. घरमालकीण हात आखडून वाढणारी. सकाळी पावाचा तुकडा, माशाचा एखादा लहानसा तुकडा, कपभर बोव्हरिल. मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, तेही उघडल्यापासून बंद होईपर्यंत. दुपारच्या जेवणाला सुट्टीच. रात्री भूक अनावर झाली की सोबत्याने दिलेले पापड भाजून खावयाचे आणि पुन्हा वाचावयास बसावयाचे. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डी. एस्सी.चा प्रबंध सादर. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचविले. तेव्हा लंडनमध्ये राहून ते करण्याइतके पैसेही उरले नव्हते. एप्रिलात मुंबईस परतून त्यांनी तो पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. इकडे माता रमाबाईंनी कोणते दिवस काढले हे वेगळे सांगण्याची गरज आहे काय? पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली.

आता ते कारण सांगतो. आमच्या वस्तीतला, माझ्याच हाताखाली शिकलेला एक मुलगा शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला. विहारात सत्कार झाला, हार घातले, मीच भाषण केले आणि भाषणात अर्थातच पाव, बोव्हरिल आणि पापड सांगितले. पुढे कळले की शिष्यवृत्तीचा हप्ता कित्येक आठवडे पोहोचला नव्हता. खोलीची अनामत भरण्यात जवळचे पैसे संपले होते आणि पोर एक वेळ जेवून दिवस काढीत होते. घरी सांगितले नाही, मलाही सांगितले नाही. का रे बाबा, असे विचारल्यावर त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की बाबासाहेबांनी काढले, मग आपण तक्रार कोणत्या तोंडाने करावी. त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्याला बाबासाहेबांचे चरित्र चुकीचे शिकविले होते.

बाबासाहेबांनी स्वतः उपासमारीचा गौरव केला नाही. त्यांनी तिचा बंदोबस्त केला. लंडनहून परतल्यावर सव्वा वर्षाने, जुलै १९२४ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. विद्यापीठ नव्हे, शाळाही नव्हे, वसतिगृह! ज्याला न्यूयॉर्कमध्ये तीनदा बिऱ्हाड हलवावे लागले आणि बडोद्यात बागेत बसावे लागले, त्याने प्रथम खोली आणि जेवण यांची सोय केली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना दिले. त्यातून शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली आणि त्या पैशातून आपले विद्यार्थी विलायतेस जाऊ लागले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तेथे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कारकुनांच्या सोयीची वेळ होती. १९५० साली औरंगाबादेस कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, आणि त्याच्या भोवती नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेल्या मुलाला औरंगाबाद हेच परदेश होते. त्यांच्या सांगण्यावरून चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. पुढच्या पिढीत डॉ. म. ना. वानखेडे फ्लोरिडाहून पीएच. डी. होऊन आले आणि परतल्यावर मिलिंदच्या मुलांत राहून त्यांनी तेथल्या काळ्या लेखकांचे साहित्य आपल्याकडच्यांना समजावून दिले. आगंतुक म्हणून गेले, आवासिक होऊन आले.

आमच्या शाळेची सहल दर वर्षाआड बोरिवलीजवळ कान्हेरीला जाते. मुले माकडांमागे धावतात, मी लेणी पाहत फिरतो. डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. निवासाच्या लेण्याबाहेर पाण्याचे टाके कोरलेले आहे, आत झोपण्यासाठी दगडी ओटा. ११ क्रमांकाच्या लेण्यात दोन लांबच लांब दगडी बाक आहेत, त्यांच्याभोवती बसून संघ एकत्र जेवत वा पाठ घेत असावा. दानलेखांत चीवरांसाठी, डागडुजीसाठी, एके ठिकाणी तर पुस्तकांसाठीही दान नोंदलेले आहे. इ. स. ८५३-५४ च्या लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दिल्याची नोंद आहे. कशासाठी? ध्यानाच्या खोल्या आणि भिक्खूंची वस्त्रे यांसाठी. बंगालचा माणूस उपनगरातल्या आपल्या डोंगरावर परक्या भिक्खूंच्या खोलीचा आणि कपड्यांचा विचार करीत होता. बाबासाहेबांनी संस्थांना सिद्धार्थ, मिलिंद, नागसेन ही नावे दिली ती केवळ शोभेसाठी दिली असे मला वाटत नाही.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मान्य पदवी दिली. ज्यांना ते गुरू मानीत ते ड्यूई चारच दिवस आधी, १ जूनला, वारले होते. आज लिव्हिंग्स्टन हॉलचे नाव वॉलक हॉल आहे आणि विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. लंडनचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले, तेथे आता स्मारक आहे.

आणि विद्यार्थी? केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. या योजनांमुळे वस्तीतली मुले समुद्र ओलांडून गेली, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण केंद्राच्या योजनेत २०२२ साली एक नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी शिष्यवृत्ती नाही. त्या नियमाने १९१६ चा जातिसंस्थेवरचा निबंध बसला असता का, हे वाचकांनीच पाहावे. शिवाय परदेशातही आडनाव विचारणारे आपलेच देशबांधव भेटतात. धम्मदीक्षेने आपली नाव लपविण्यातून सुटका झाली असे आपण मानतो, परंतु चार अनोळखी देशबांधवांत जेवावयास बसलेल्या एकट्या मुलाला बडोद्याच्या नोंदवहीचा मोह पडू शकतो. तेथील काही विद्यापीठांनी हे ओळखले आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या नियमांत जातीवरून होणाऱ्या भेदाला मनाई केली. आपल्या मुलाला निघण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे. कोणत्या वस्तीत जावे व कोणत्या वस्तीत जाऊ नये, असे विनयात आहे ते यासाठीच.

यंदा आमच्या घाटकोपरच्या विहारातून एक मुलगी आणि दोन मुले सप्टेंबरात निघत आहेत. सत्कार ठेवला आहे, पण हार नको असे ठरले. आधी गेलेल्या पाच जणांना विचारून एक वही केली आहे. कोणत्या शहरात उतरल्यावर पहिले चार दिवस कोणाकडे राहता येईल, अनामत किती लागते, हप्ता थकला तर कोणाला कळवावे, तांदूळ कोठे मिळतो, आजारी पडल्यास काय करावे, आणि परतल्यावर नोकरी लागेपर्यंत मुंबईत कोठे राहावे. हाराचे पैसे आणि वर्षावासातील दानाचा काही भाग मिळून थोडी रक्कम बाजूला ठेवली आहे, हप्ता उशिरा आला तर उसने देण्यासाठी. वहीचे पहिले पान त्या मुलाने इंग्लंडहून लिहून पाठविले. त्यात पहिली ओळ त्याच्या खोलीच्या पत्त्याची आहे आणि दुसरी आहे ती जेवणाच्या वेळेची.